नाक नसलेल्यांचा श्वास

पाठशाळेत लहान मुलांकडून एकेंद्रिय जीवाचे चार प्राण पाठ करून घेतात. स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास, आयुष्य. मुलं एकेक बोट मोडत धडाधड म्हणून टाकतात. पण दर दोन-चार वर्षांनी एखादं मूल तिसऱ्या बोटाशी थांबतं आणि विचारतं, "दीदी, मातीला नाक कुठं असते? मग ते श्वास कशानं घेते?" मागे बसलेल्या आया तोंडाला पदर लावून हसतात. उत्तर तयार असतं: ज्ञानी पुरुषांनी पाहिलं आहे, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही.

हे उत्तर मी नाकारत नाही. पण मुलाच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या रोजच्या आचाराच्या थेट मुळाशी जातो. ज्याचा श्वास माझ्यासारखा नाही, ज्याची छाती हलत नाही, जो मरताना आवाज करत नाही, त्याचं मी काय देणं लागते? कुत्र्याच्या पिल्लाला लाथ बसली तर ते ओरडतं, आपण धावतो. मुंगी दिसते, म्हणून पाय उचलतो. जे दिसतही नाही आणि ओरडतही नाही, त्याच्यासाठी आपण फक्त पाठ केलेले नियम पाळतो, आणि नव्या सुना विचारतात की आई, हे गाळणं काऊन धरायचं, घरात आरओ आहे ना.

गेली काही वर्षं मी मातीतल्या सूक्ष्म जीवांच्या श्वासाबद्दल मिळेल ते वाचते आहे. आधीच सांगते, मी विज्ञानाची बाई नाही. आमचं शिक्षण हिंदीत, घरची बोली मराठी, आणि मोठी पुस्तकं सगळी इंग्रजीत, अशी आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या सगळ्यांचीच तीन घरांत विभागलेली अवस्था. पण जे कळलं ते मला जिवाजवळचं वाटलं, म्हणून लिहिते.

श्वास म्हणजे काहीतरी आत घेणं, असं आपण समजतो. पेशीच्या आत पाहिलं तर गोष्ट जवळजवळ उलटी निघते. आपण भाकरी खातो, तिची साखर होते, आणि पेशी त्या साखरेतून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अगदी बारीक कण, सोडवून घेते. मग ते कण हातोहात पुढे जातात. घराचा स्लॅब पडताना बाया ओळीनं उभ्या राहून मालाचं घमेलं एकमेकींना देतात ना, तसं. प्रत्येक हातबदलात थोडी शक्ती मोकळी होते, ती पेशी साठवते, आणि त्यावर आपलं चालणं, बोलणं, स्वयंपाक, सामायिक सगळं चालतं. पण ओळीतल्या शेवटच्या बाईला घमेलं कुठेतरी रिकामं करावं लागतं. तिच्यासमोर जागा नसेल तर ती थांबते, तिच्या मागची थांबते, आणि क्षणात सगळी ओळ हातात घमेलं घेऊन उभी. आपल्या शरीरात ती रिकामी करायची जागा म्हणजे प्राणवायू. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. सायनाइड नावाचं विष माणसाला मारतं ते असंच. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शेवटचा हात बांधला जातो आणि द्यायचं ते देता येत नाही. म्हणजे गुदमरणं हे जितकं न मिळण्याचं दुःख आहे, तितकंच न देता येण्याचं आहे. हे वाचलं त्या दिवशी मी भाजी चिरता चिरता बराच वेळ थांबले होते.

आता जाम नदीच्या गाळाकडे या. जाम म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त गोटमार आठवते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, पांढुर्णा एका काठावर आणि सावरगाव दुसऱ्या. दगडाचा तो उपयोग आपल्या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि मला तो कधीच रुचला नाही. दगडाचा दुसरा एक उपयोग त्याच नदीच्या बुडाशी चालू असेल, तो सांगते. गाळात बोट खुपसलं तर वरचा पातळ थर तांबूस-भुरा असतो, खाली लगेच काळं आणि वास मारणारं लागतं. त्या काळ्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. संत्र्याच्या बागेत पाणी तुंबलं की झाड पिवळं पडून बसतं ते याचमुळे, मुळांना श्वास मिळत नाही. तरी त्या काळ्या गाळात जीव खच्चून भरलेले असतात. मग ते आपलं घमेलं कुठे रिकामं करतात?

काही जण पाण्यात विरघळलेल्या वस्तूंकडे देतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो अशाच एका देण्यातून. त्या वस्तू पेशीच्या आत शिरू शकतात, म्हणून ते समजायला सोपं आहे. पण मातीत सगळ्यांत जास्त असतो तो लोखंडाचा गंज आणि मॅंगनीजची काळी भुकटी. हे तर घन. पाण्यात विरघळत नाहीत, जिवाणूच्या पोटात मावत नाहीत. दगड काही श्वासात ओढता येत नाही! म्हणून फार काळ असं धरून चालले होते की मातीतल्या लोखंडात जे बदल होतात ते नुसत्या रसायनांचे, जीवांचा त्यात मोठा हात नाही.

१९८७ मध्ये डेरेक लव्हली यांना अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात एक जिवाणू सापडला, जो गंजाला इलेक्ट्रॉन देऊन जगत होता. पुढे त्याच्या कुळाला जिओबॅक्टर नाव पडलं. १९८८ मध्ये चार्ल्स मायर्स आणि केनेथ नील्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातला दुसरा एक जिवाणू जगासमोर आणला. तो मॅंगनीजवर श्वास घेत होता. आज त्याला शेवानेला ओनायडेन्सिस म्हणतात, आणि नावापुढे एमआर-१ लावतात. त्यातलं एमआर म्हणजे मॅंगनीज रिड्यूसर, मॅंगनीजला इलेक्ट्रॉन देणारा.

मॅंगनीज हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. बायांनो, मॅंगनीज तर आपल्या घरचं! २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांत आपलं नाव ठळक छापून आलं. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत सौंसरचं नाव शंभर वर्षांपासून आहे. लुईस फर्मोर या इंग्रज भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला. बालाघाट, भंडारा, नागपूर ते आपल्या छिंदवाड्यापर्यंत पसरलेले हे मॅंगनीजचे खडक आज जगभर 'सौंसर समूह' या नावानं ओळखले जातात. त्यातल्या एका खडकाला त्यानं इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिलं. काचीढाणा, गोवारी वाढोणा ही गावं त्या खाणींच्या यादीत आहेत. हा खडक म्हणजे मुळात फार पुरातन काळी पाण्याखाली साचलेला गाळ, पुढे दाबानं आणि उष्णतेनं घट्ट झालेला.

मॅंगनीजला इलेक्ट्रॉन घेता येतो हेही आपल्याला हातानं ठाऊक आहे. टॉर्चचा जुना सेल लहानपणी कोणी फोडला नाही? आतून जी काळी भुकटी निघते, हात काळे होतात आणि आई ओरडते, ते मॅंगनीज डायऑक्साइड. सेलमध्ये बाहेरचं जस्त इलेक्ट्रॉन देतं, तारेतून ते फिरून येतात, मध्ये दिवा पेटतो, आणि शेवटी ही काळी भुकटी ते पदरात घेते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मॅंगनीज सेल बनवायला जातं. जिवाणू मातीत हेच करतो. तो जस्ताच्या जागी, काळा दगड पदर पसरून समोर, आणि मधल्या शक्तीवर त्याचा दिवा, म्हणजे त्याचं आयुष्य.

पण पेशीच्या भिंतीबाहेर हे कण तो पोचवतो कसे? शेवानेला आपल्या बाहेरच्या आवरणावरच देवाणघेवाणीची प्रथिनं मांडून ठेवतो आणि दगडाला चिकटून बसतो. शिवाय तो फ्लेविन नावाची द्रव्यं बाहेर सोडतो, आपल्या बी-२ जीवनसत्त्वाच्या नात्यातली. ती इलेक्ट्रॉन घेऊन दगडापर्यंत जातात, ठेवतात, रिकामी परत येतात. जिओबॅक्टरनं तर तारच काढली आहे. ही तार कशाची, यावर बरीच वर्षं वाद चालला. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (आडनाव वाचून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू) तिची बारीक रचना दाखवली. केसाच्या हजारोपट बारीक अशी ती तार, आणि तिच्या आत एकाला एक लागून हीमचे कण. आपल्या रक्ताला लाल करणारं हीमोग्लोबिन, त्यातलं जे हीम, त्याच कुळातले. लोखंड मध्यभागी धरून बसलेले. जो पदार्थ माझ्या अंगात प्राणवायू वाहून नेतो त्याचा भाऊबंद तिकडे गाळात श्वास बाहेर वाहून नेतो.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलेली आपली माणसं वाट वाकडी करून लोणारचं सरोवर पाहून येतात. उल्केच्या आघातानं काळ्या दगडात पडलेला खड्डा, पाणी खारट आणि सोड्यासारखं तीव्र, त्यात मासे नाहीत. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. ते काम मीठ आवडणाऱ्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांचं. पण त्याच वर्षी मोहालीच्या आयसर संस्थेतले सुनील पाटील आणि त्यांचे सहकारी यांचं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी लोणारच्या गाळातले असे जिवाणू वाढवले होते, जे श्वासाचे इलेक्ट्रॉन शरीराबाहेर देतात. गंजाच्या जागी विजेचा दांडा ठेवला तर त्यावर थर करून बसतात आणि वीज वाहू लागते. २०२२ मध्ये त्यातल्या एका नव्या जातीचं बारसं झालं, जिओअल्कलीबॅक्टर हॅलइलेक्ट्रिकस. नाव उच्चारताना दात हलतात, पण जात आपल्या बुलढाण्याची आहे.

इथपर्यंत आलं की आपल्या समाजात एक वाक्य हमखास येतं: "बघा, आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितलंय." प्रवचनात टाळ्याही पडतात. मला हे वाक्य आवडत नाही. पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव हा आकडा आपल्या किती पुस्तकांत छापलेला असतो, आणि तो कोणा इंग्रज कप्तानानं मोजला म्हणून आपण अभिमानानं सांगतो. थेंब कुठला, डबक्याचा की विहिरीचा, हे कोणी विचारत नाही. शास्त्रात इलेक्ट्रॉन नाही. मातीतला जिवाणू म्हणजेच पृथ्वीकाय, असंही नाही. पृथ्वीकाय म्हणजे माती हेच ज्याचं शरीर तो जीव, आणि हा जिवाणू मातीत राहणारा वेगळा देह आहे. जिवाणू म्हणजेच निगोद, असंही मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या रीतींनी पाहिलेल्या गोष्टी ओढून-ताणून एकमेकींवर चिकटवल्या की दोन्हींची किंमत कमी होते.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. गोम्मटसारात साधारण वनस्पतीचं लक्षण सांगताना म्हटलं आहे की त्या अनंत जीवांचा आहार एकत्र आणि श्वासोच्छ्वासही एकत्र. लहानपणी मला हे सगळ्यांत अशक्य वाटायचं. एक शरीर, अनेक जीव, इथपर्यंत ठीक. पण श्वाससुद्धा सामायिक? श्वास तर ज्याचा त्याचा असतो. आज मी एवढंच म्हणते की श्वास ज्याचा त्याचाच असतो ही माझी खात्री होती, शास्त्राची नव्हती. आणि ती खात्री आता गाळातले जीवही मोडत आहेत. २०१० मध्ये जिओबॅक्टरच्या दोन जाती एकत्र वाढवल्या, तेव्हा एक दुसरीला थेट इलेक्ट्रॉन देऊ लागली. एकीचा उच्छ्वास तो दुसरीचा घास. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही त्यांचे शेजारी असंच देतात, हेही पुढे दिसलं. आपल्या जैन प्रतीकाखाली १९७५ पासून जे सूत्र छापतो, जीवांनी एकमेकांना आधार देण्याबद्दलचं, त्याचा अर्थ मी दानधर्म असा लावत आले. त्याला इतका अक्षरशः अर्थ असू शकेल असं मनातही आलं नव्हतं.

सगळ्यांत विलक्षण ते डेन्मार्कमधल्या समुद्रगाळातले. आऱ्हुस विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये हे केबल जिवाणू जाहीर केले. हजारो पेशी एकापुढे एक जोडलेल्या, सुतासारखा तंतू, काही सेंटिमीटर लांब. तंतूचं खालचं टोक सडक्या काळ्या गाळात, तिथे अन्न आहे पण प्राणवायू नाही. वरचं टोक पृष्ठभागाजवळ, तिथे प्राणवायू आहे. खालच्या पेशी जेवतात, इलेक्ट्रॉन तंतूतून वर पाठवतात, आणि वरच्या मूठभर पेशी सगळ्यांच्या वतीनं श्वास घेतात. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की या वरच्या, श्वासाचं काम करणाऱ्या पेशी स्वतः वाढत नाहीत. वाढ होते ती खालच्यांची.

हे मी आमच्या महिला मंडळात सांगितलं तेव्हा एकदम शांतता झाली, मग मागून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारख्याच की वं माय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते तिथेच सोडवेना. उद्या कोणीतरी या पेशीवर स्त्रीच्या त्यागाचं व्याख्यान देईल, आणि चार वाजता उठून सगळ्यांचे डबे भरणारी बाई ते ऐकून डोळे पुसेल. म्हणून पुढचंही सांगते. हा तंतू गाळात सरकत असतो. संशोधकांचं म्हणणं असं की तो सरकला की पेशींच्या जागा बदलतात, वरची खाली येते आणि वाढू लागते, खालची वर जाऊन श्वासाच्या कामाला लागते. पाळी आहे. आपल्या घरात अशी पाळी कोणाच्या आठवणीत आहे का? मुलानं चार वाजता उठून डबा केल्याचा एक दिवस? उपमा द्यायचीच असेल तर पूर्ण द्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे. श्वास शरीराच्या बाहेर, दगडापर्यंत, शेजाऱ्यापर्यंत जात असेल, तर त्या जीवाला धक्का लावणं म्हणजे काय? त्याला न चिरडताही, त्याची घमेलं रिकामं करायची जागा काढून घेतली तर ते हिंसेत धरायचं का? मग गोवारी वाढोण्याचा दगड ट्रकमध्ये भरला म्हणजे कोणाचा श्वास नेला? या रस्त्यानं गेलं तर पाऊल टाकणं अशक्य होतं, आणि काही जण इथेच म्हणतात की एवढं पाळता येत नाही तर काहीच कशाला पाळा. हा पळपुटेपणा आहे. श्वेतांबर आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वीच्या जीवांची वेदना समजावताना आंधळ्या-मुक्या माणसाची उपमा आहे: त्याला कोणी छेदलं तर तो दाखवू शकत नाही, सांगू शकत नाही, म्हणून त्याला लागत नाही असं होत नाही. आणि तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्राणांच्या घाताच्या आधी प्रमाद ठेवतं. बेफिकिरी आधी. मरणाऱ्यांची संख्या मोजायला कोणीच सांगितलेलं नाही, आणि कोणाला मोजताही येणार नाही. गृहस्थाला एकेंद्रियांची हिंसा पूर्ण टळत नाही, हे व्रत देणाऱ्यांना माहीत होतं. विनाकारण करू नये, एवढं मागितलं आहे.

विनाकारण म्हणजे काय हे आमच्या एका ओळखीच्या काकूंमुळे मला नीट विचारात घ्यावं लागलं. पर्युषणाचे दिवस, लघवीच्या संसर्गानं ताप चढलेला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलेलं, आणि काकू गोळी घेईनात. "माह्या एकटीच्या जिवासाठी इतके कोटी जीव मारू?" सून दाराशी उभी राहून रडत होती. काकूंच्या प्रश्नाला वेडेपणा म्हणणारे पुष्कळ होते, पण तो वेडेपणा नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर द्यावं लागलं. शरीराबाहेर इलेक्ट्रॉन देण्याची कला काही चांगल्याच जिवाणूंना येते असं नाही. लिस्टेरिया म्हणून एक आहे, दूषित अन्नातून येतो, गर्भवतीला आणि पोटातल्या बाळाला जिवावर बेततो. त्यालाही ही कला येते, हे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसून आलं. श्वासाची नवलाई कळली म्हणून तो आपला सोयरा होत नाही. मी काकूंना म्हटलं, संकल्पी हिंसा सोडायचं व्रत आहे तुमचं. मारावंसं वाटतं म्हणून तुम्ही गोळी घेत नाही, संयम पाळायला देह लागतो म्हणून घेता. आणि घ्यायची तर अर्धी सोडू नका. अर्धवट सोडलेल्या औषधानं आजार उलटतो, मग जास्त जहाल औषध, म्हणजे आणखी हिंसा. त्यांनी पूर्ण घेतली. नंतर प्रायश्चित्तही घेतलं. दोन्ही बरोबर होतं असं मला वाटतं.

स्वयंपाकघरात तर हे रोजचं. दह्याची मर्यादा, आंबवलेल्या पिठाची मर्यादा, लोणच्याची मर्यादा, हे आपण सासूकडून शिकलो. लोणची, इडलीचं पीठ अशा आंबवलेल्या पदार्थांत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम नावाचा जिवाणू वाढतो. २०२२ मध्ये दाखवलं गेलं की तोही अनुकूल द्रव्यं मिळाली तर इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो, आणि तसं करताना आंबवण्याचं काम जास्त झपाट्यानं करतो. मर्यादेचे नियम बांधणाऱ्यांना लॅक्टोबॅसिलस ठाऊक नव्हता. रात्रभरात पिठात कोणीतरी राहायला येतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

आणि उलट बाजूनं, आपण कुठे विनाकारण मारतो? संडासच्या फरश्या पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून बाटलीभर ॲसिड ओततो, ते सेप्टिक टाकीत जाऊन आपलीच घाण पचवणाऱ्या जीवांना मारतं. चार दिवसांनी टाकी उफाळली की कंत्राटदाराला शिव्या. गाळणं न धरणारी सून आणि ॲसिड ओतणारी सासू एकाच घरात असतात, आणि टोमणे फक्त सुनेला.

गाळण्यावरून जिवाणीची गोष्ट निघते. शब्द बघा, जिवाणू आणि जिवाणी. पाणी गाळल्यावर गाळण्यात जे जीव राहतात ती जिवाणी, आणि ती ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. जिवाणू एवढा बारीक की कापडातून आरपार जातो, गाळण्यानं तो वाचतही नाही आणि मरतही नाही. कापड अडवतं ते त्याहून मोठ्यांना. पण मला त्या नियमातलं परत सोडणं फार मोलाचं वाटतं. जीव वेगळा काढून बशीत ठेवला म्हणजे वाचला असं होत नाही, त्याला त्याचं पाणी, त्याचा गाळ, त्याचं शेवाळ मिळायला हवं. आपल्या आज्यांच्या बादलीला तळाशी कडी असायची, दोर सैल करून ती पाण्याला टेकल्यावर उलटी करायची, वरून धबकन ओतायचं नाही. जीवाला त्याच्या जागेसकट जपायचं, हे यात आलंच.

बोअर आले आणि हे संपलं. तीनशे फुटांवरून आलेल्या पाण्याची जिवाणी कुठे सोडणार? पाइपात? काही घरी तुळशीत ओततात, काही मोरीत. मोरीत ओतणं म्हणजे न गाळल्यासारखंच. मी विचारलेल्या एका माताजींनी सांगितलं, बोअरचं पाणी वापरावंच लागत असेल तर ते जपून वापरा, आणि जिथे विहीर शाबूत आहे तिथे ती बुजवू देऊ नका.

हे शेवटचं सोपं नाही. गावोगावच्या मंदिरांत सध्या एकच हौस आहे, अंगणात पेव्हर बसवायचे. चिखल नको, गवत नको, पायाला माती लागायला नको, वर्गणीदाराच्या नावाची पाटी मात्र हवी. जवळच्याच एका गावी मंदिराच्या आवारातली जुनी विहीर वापरात नाही म्हणून तिच्यावर स्लॅब टाकून वर मांडव घालण्याचं ठरत होतं. कमिटीत सगळे पुरुष. बायांनी विरोध केला, तेव्हा उत्तर मिळालं, "त्या विहिरीत काय आहे, नुसता गाळ." पंधरा-वीस बाया तीन रविवार सलग मंदिरात जाऊन बसल्या. बोलल्या फार नाहीत. एकीनं एवढंच विचारलं की जिवाणी कुठे सोडायची ते लेखी द्या. चौथ्या रविवारी स्लॅबचा विषय मागे पडला, विहिरीला लोखंडी जाळी बसवायचं ठरलं, आणि निम्मं अंगण मातीचं राहिलं.

आता तिथे दुसरा वाद आहे. विहिरीत पाणी टिकायचं तर गाळ काढावा लागेल, निदान थोडा. काढलेला गाळ उन्हात पेव्हरवर वाळत घालू नये, ओलाच सावलीत, संत्र्याच्या बुडाशी पसरावा, असं बायांचं म्हणणं. एका बागवाल्यानं जागा देऊ केली आहे. कमिटी म्हणते ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार.